गप्प राहिले

६ जून

दादा,

वाकून नमस्कार. नुसता लिहिण्यापुरता नाही, खरोखरच वाकलेय. तीन दिवस जमिनीवर आडवं पाडून श्वास घ्यायला शिकवताहेत आणि पाठ सरळ व्हायला तयार नाही. एवढ्या लांब यायचं, एवढं मोठं विद्यापीठ, आणि पहिला धडा काय, तर श्वास! तू असतास तर म्हणाला असतास, आम्ही इतकी वर्षं काय नाकाला चिमटा लावून नाटक करत होतो?

उन्हाळी अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे. आम्ही चौदा जण. सकाळी आवाज, दुपारी त्यांची जुनी पद्यनाटकं, संध्याकाळी पायऱ्यांवर बसून पाठांतर. वर्ग एका जुन्या व्यायामशाळेत भरतो. भिंतीला चढायच्या शिड्या अजून तशाच आहेत आणि जमिनीवर खेळाच्या पट्ट्या आखलेल्या. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. पलंग, टेबल आणि अर्धीच उघडणारी खिडकी. उरलेली अर्धी का उघडत नाही म्हणून विचारलं तर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, नियम आहे.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या आहेत. अंगाने काडी, पण आवाज असा की वरच्या शिडीवरची धूळ खाली यावी. काल मी एक उतारा म्हटला आणि मध्ये थांबले. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, हे थांबणं तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, भावाने. तो काय करतो? छापखान्यात मुद्रितं तपासतो आणि आमच्या नाटकमंडळीत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतो. त्यांना वाटलं, मला त्यांची भाषा नीट येत नाही.

इथे तू यायला हवं होतंस. मी नुसती तुझी उष्टी विद्या घेऊन आलेय.

शेवटी प्रत्येकाला आपापल्या भाषेत, एकट्याने, दहा मिनिटांचा प्रवेश करून दाखवायचा आहे. त्यावरून एकाला पुढचं वर्षभर ठेवून घेतात. काय करावं ते अजून सुचलं नाही. तू फोन घेत नाहीस म्हणून हे पत्र. आईला वाचून दाखव, तिचे आशिर्वाद कळव, आणि पाठीचं तेवढं गाळ.

तुझी
ठकू


१८ जून

चि. ठकू,

पत्रात चूक एकच, पण ठेवणीतली. 'आशीर्वाद' तू पुन्हा पहिल्या वेलांटीने लिहिलास. सुधारून मग आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वाचून दाखवताना वेलांट्या ऐकू येतात का रे? मी म्हटलं, मला येतात. तिने आशीर्वाद पाठवले आहेत, दीर्घ. पाठीचं गाळलं नाही. आता ती रोज तेलाच्या बाटलीकडे बघून उसासे सोडते, ते भोग.

इकडची बातमी अशी की आपले पोस्टातले काका न्हाणीघरात घसरले आणि कंबरेचं हाड मोडून बसले. तीन महिने पडून राहायचंय. म्हणजे एकोणतीस ऑगस्टच्या प्रयोगाला न्यायाधीश नाही. काल आपल्या मंडळीचे मास्तर छापखान्यात आले, कागदाच्या गठ्ठ्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "तूच कर. तुझीच होती ती भूमिका."

नाही म्हटलं. मास्तर हल्ली सोयीचं तेवढं विसरतात, म्हणून त्यांना पुन्हा सगळं सांगितलं. तेच तुलाही लिहितो, म्हणजे तू तिकडून वकिली करायला नकोस.

तिसरा अंक. न्यायाधीशापुढे आरोपी म्हणून त्याचाच मुलगा उभा राहतो. मोठा विराम, आणि मग दोन शब्द: 'नाव सांग.' लोक त्या विरामासाठी यायचे. नऊ वर्षांपूर्वी मी तसाच थांबलो आणि ते दोन शब्द डोक्यातून पुसले गेले. विसरण्याचं मला काही नाही. सगळेच विसरतात, त्यासाठीच तर विंगेत प्रॉम्प्टर असतो. पण तू तिथून तीनदा शब्द दिलास आणि मला तो एकदाही ऐकू आला नाही. सात हातांवरून! लोक हसले, मास्तरांनी पडदा पाडला. ज्याला सख्ख्या बहिणीचा आवाज सात हातांवरून ऐकू येत नाही, त्याने लोकांपुढे उभं राहू नये. कानाच्या डॉक्टरांकडे चार वेळा जाऊन आलो. ते म्हणतात, कान ठणठणीत. म्हणजे बिघाड आणखी आत कुठेतरी आहे. फोन उगीच टाळत नाही मी. पलीकडे माणूस बोलतोय आणि आपल्याला नुसती शांतता ऐकू येतेय, या धास्तीने हाताला घाम सुटतो.

तुझा यात काडीचाही दोष नाही. तेव्हाही हेच म्हटलं होतं. सतरा वर्षांची पोर तू, तीनदा सांगितलंस, आणखी काय करणार? स्टेजवर येऊन माझ्या कानात ओरडणार?

प्रवेशाचं काय ठरलं ते कळव. अर्ध्या खिडकीतून वाकू नकोस.

दादा


३० जून

दादा,

भूमिका घे. वकिली नाही, विनवणी समज. इतक्या वर्षांपूर्वीचं काय धरून बसायचं? कदाचित मीच हळू बोलले असेन. लोक खोकत होते, आवाज पोचला नसेल. आणि तीनदा म्हणजे काही मी मोजत बसले नव्हते. डॉक्टर कान चांगले म्हणतात ना, मग चांगलेच असतील. दर वेळी तू तो दिवस शब्दन् शब्द सांगतोस आणि शेवटी माझा दोष नाही म्हणतोस. नको म्हणत जाऊस.

बरं, माझं ठरलं. पहिल्या आठवड्यात मी आपल्या नाटकातली राणी करून दाखवली. बाईंनी जांभई दिली. खरंच दिली, तोंडावर हात ठेवून. म्हणाल्या, राण्या सगळेच आणतात, तू कुठे बसायचीस ते दाखव. मग मी एक प्रॉम्प्टर मुलगी रचली. गोष्ट अशी: ती मुलगी विंगेत खुर्चीवर वही घेऊन बसली होती. समोर नट थांबला. तिला वाटलं, हा विराम आहे. तिने बोट ओळीवर ठेवलं आणि वाट बघितली. लोक खोकायला लागले, तरी ती गप्प राहिले. मग कोणीतरी हसलं आणि पडदा पडला. बस, एवढंच. दहा मिनिटं एकही शब्द नाही, म्हणून भाषेची अडचणही नाही. कल्पनेतलीच आहे हं मुलगी.

काल तालमीत करून दाखवलं तर वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. बाई म्हणाल्या, वर्षभरासाठी ज्यांचा विचार चालू आहे त्यांत मी आहे. दादा, एक वर्ष! मला ते हवंय. इतकं हवंय की मला माझीच भीती वाटते. प्रयोग सत्तावीस जुलैला आहे.

ठकू


११ जुलै

चि. ठकू,

अभिनंदन. बाईंना माझ्यातर्फे सांग की जांभईच्या बाबतीत त्यांचं आणि माझं एकमत आहे. तुझी राणी मलाही कधी पटली नव्हती.

चूक या वेळीही एकच. 'ती गप्प राहिले' हे कुठलं व्याकरण? मात्रा काढ, वेलांटी दे. राहिली.

आता गोष्टीबद्दल. ठकू, ही गोष्ट खोटी आहे. प्रॉम्प्टरला विराम आणि विसर यांतला फरक कळतो. विरामात नटाचा श्वास चालू असतो, विसरात तो अडकतो. गळ्याकडे बघितलं की समजतं. हे तुला मी बाराव्या वर्षी शिकवलंय. लोक खोकायला लागेपर्यंत जिला कळलं नाही, ती प्रॉम्प्टर नव्हे, ते खुर्चीवर ठेवलेलं गाठोडं. तिकडच्या लोकांना हे चालत असेल, पण जाणत्या माणसाला खटकेल. बदल काहीतरी.

१२ जुलै

काल इथवर लिहून पत्र तसंच ठेवलं होतं. आज छापखान्यात मुद्रितं बघताना तुझं ते 'राहिले' डोक्यातून जाईना.

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका वाचतोय. हात घाईत असला की अक्षर सुटतं, जोडाक्षर मोडतं, काना राहतो. पण 'राहिली'च्या जागी 'राहिले' यायला लिहिणारीने मनात 'मी' म्हटलेलं असावं लागतं. ती चूक हाताची नसते.

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. 'मीच हळू बोलले असेन.' 'मोजत बसले नव्हते.' नऊ वर्षं तू छातीठोकपणे तीनदा म्हणत होतीस.

किती वेळा शब्द दिला होतास? आकड्यात लिही.


२२ जुलै

दादा,

एकदाही नाही.

आठ दिवस आधीची तालीम आठव. मी तुझ्या विरामात शब्द दिला होता. विराम कधी संपतो तेच कळायचं नाही मला. तू तिथेच तालीम थांबवलीस, विंगेत आलास, सगळ्यांसमोर माझ्या हातातली वही काढून घेतलीस आणि म्हणालास, "माझ्या विरामात पुन्हा तोंड उघडलंस तर या खुर्चीवर बसायचं नाही." सगळे हसले. मी रडले तर आणखी हसले. म्हणून त्या दिवशी गप्प राहिले. मला वाटलं विरामच आहे, आणि नियम तुझाच होता.

पडदा पडल्यावर मास्तर माझ्यावर धावून आले. "शब्द दिलास की नाही?" मी म्हटलं, दिला. "किती वेळा?" मी म्हटलं, तीनदा. एकदा म्हटलं असतं तर कमी वाटलं असतं. तू तिथेच उभा होतास, मेकअप ओघळलेला, आणि तू माझ्याकडे बघून मान हलवलीस. जशी काही तुझीच चूक असावी तशी. त्यानंतर मागे कसं फिरायचं ते मला कधी कळलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता तू विंगेतल्या खुर्चीवर जाऊन बसलास आणि मला स्टेजवर ढकललंस.

प्रयोग पाच दिवसांवर आलाय. तुझं उत्तर येईपर्यंत तो होऊन गेलेला असेल. तुला विचारायला हवं होतं, हे मला कळतं. विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास.

ठकू


२ ऑगस्ट

ठकू,

तुझं पत्र छापखान्याच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि मग तिथेच बसलो. राग आला. किती आला ते लिहीत नाही. दोन दिवस आईशीही धड बोललो नाही. ती बिचारी समजली, पोट बिघडलंय.

तिसऱ्या दिवशी फोन उचलला आणि मास्तरांना लावला. शब्दन् शब्द ऐकू आला. त्यांच्यामागे नळ वाहत होता, तोही ऐकू आला. म्हटलं, न्यायाधीश मी करतो. ते म्हणाले, अरे पण तुझे कान? मी म्हटलं, कानांना काय धाड भरलीय?

ठकू, नऊ वर्षं! काकांचा तो पोस्टातल्या रांगेसारखा विराम मी नऊ वर्षं विंगेतून सोसला. एक स्थळ आलं होतं, तुला आठवत असेल. शाळेतल्या बाई होत्या, मोकळ्या हसायच्या. त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं की माझ्या डोक्यात बिघाड आहे, जन्माची गाठ बांधू नका. त्यांनी नाही बांधली. आज त्यांचा मोठा मुलगा पहिलीत आहे, त्याच्या शाळेच्या निकालपत्रकाचं मुद्रित मीच तपासलं. हे सगळं तुझ्या एका 'तीनदा'पायी. आपली मुलगी ठकवणार हे आईला नाव ठेवतानाच कळलं होतं की काय कोण जाणे.

पण मग विचार केला. नियम कोणाचा? माझा. वही कोणी काढून घेतली? मी. सतरा वर्षांच्या पोरीला चारचौघांत रडवलं, आणि आठ दिवसांनी तिने धाडस करावं अशी अपेक्षा धरली. तुला विराम वाटला, तू नियम पाळलास. खोटं बोललीस ते मास्तरांच्या धाकाने. यात तुला फासावर चढवण्याजोगं मला काही सापडत नाही. शोधलं बरं का, पुष्कळ शोधलं.

तालमी चांगल्या चालल्या आहेत. परवा विरामात मास्तरांचं पान खायचं राहून गेलं, यावरून ओळख. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सप्टेंबरात ठरलंय, तिला प्रयोग अर्धामुर्धा दिसेल, पण ऐकू सगळं येईल.

तुझा प्रयोग झाला असेल. चांगलाच झाला असेल. आता परत ये. एकोणतीसला वही घेऊन विंगेत तूच बस. दुसरं कोणी नको.

तुझा
दादा


१३ ऑगस्ट

दादा,

मी येत नाही. आधी तेच लिहून टाकते. मला वर्षासाठी ठेवून घेतलंय. खोली बदलली, आता खिडकी पूर्ण उघडते.

तुझं पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलंय. तू मला जे माफ केलंस ते मी केलंच नव्हतं. जे केलं ते लिहिलं नाही.

तूच लिहिलंस ना, विरामात श्वास चालू असतो आणि विसरात अडकतो. तुझा अडकला होता. मला दिसलं. पहिला माणूस खोकायच्याही आधी दिसलं. मग तू मान न वळवता नुसते डोळे माझ्याकडे आणलेस. माझं बोट 'नाव सांग'वर होतं. मला बोलता आलं असतं. पण मनात आलं, आता बघू. माझ्या हातातली वही काढून घेतोस काय? आता बोल बघू वहीशिवाय. आणि मी तुझ्याकडे बघून हसले.

मला वाटलं होतं, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग शब्द द्यावा. तेवढ्यात लोक हसले, आणि मग तोंड उघडेचना. हे एवढं खरं आहे, पण ते नंतरचं. आधीचं वर लिहिलं तेच.

तालमीत मी ही मुलगी नेहमी घाबरलेली करत होते. सत्तावीसला शेवटच्या क्षणी काय झालं कोण जाणे, समोर तू उभा आहेस असं धरून मी तुझ्याकडे बघितलं आणि तशीच हसले. सभागृह थिजलं. बाई नंतर म्हणाल्या, बाकीचं चांगलं होतं, पण वर्ष त्या हसण्याला दिलंय.

हे न लिहिता भागलं असतं. तुला तुझी भूमिका मिळाली होती, मला माझं वर्ष. पण तू लिहिलंस, वही घेऊन तूच बस, दुसरं कोणी नको. ते मला गिळता येईना. मला शिव्या दे. काहीही लिही, पण लिही.

ठकू


३१ ऑगस्ट

ठकू,

तुझं पत्र प्रयोगाच्या दिवशी सकाळी आलं. प्रयोग केला. वाईट झाला नाही.

तिसऱ्या अंकात मोजून थांबलो, आणि शब्द जिभेवर तयार असताना मुद्दाम विंगेकडे बघितलं. वही घेऊन आपल्या कपडे शिवणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांना अभिनयातलं काही कळत नाही. पुढे इतक्या झुकल्या होत्या की खुर्चीवरून पडतात की काय असं वाटलं. कपाळावर घाम, ओठ उघडलेले, शब्द दातांशी येऊन थांबलेला. माझ्या तोंडून तो निघावा म्हणून ती बाई जीव टाकत होती. मी 'नाव सांग' म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. आईलाही नाही. त्या दिवशी मी तुझं हसणं बघितलं होतं. लोकांचे चेहरे, पडदा, मास्तरांचा आरडाओरडा, सगळं पुढे पुसट झालं, पण ते राहिलं. मला वाटलं, सगळं जग मला हसतंय आणि ही एवढीशी पोर मला धीर देतेय. म्हणून पडद्यामागे मी तुझ्याकडे बघून मान हलवली होती. आभार मानले होते तुझे. या नऊ वर्षांत ज्या ज्या दिवशी वाटलं की आता पुरे झालं, त्या त्या दिवशी मी तुझं ते हसणं आठवून घरी आलो. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे.

शिव्या मागून मिळत नाहीत. राग आधीच्या पत्रात संपला, या पत्राला काही उरला नाही.

आईचं ऑपरेशन अठरा तारखेला आहे. तोवर तिला लिहीत जा, मी वाचून दाखवीन, गाळणार काही नाही. तिला यातलं काही माहीत नाही आणि माझ्याकडून कळणारही नाही. त्यानंतर तिला स्वतःला वाचता येईल. मग पाकिटावर फक्त तिचं नाव घाल.